तीन गाठींचा दोर

आत्याने आपल्या दारापासून हापशापर्यंत पहिला दोर बांधला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, कपडे वाळत घालायला असेल. पण त्यावर कपडा काही पडेना. एकदा भाचेसुनेने ओलं फडकं टाकलं, तर आत्याने ते उचलून तिच्याच खांद्यावर ठेवलं आणि म्हणाली, "दोरावर काही टाकायचं नाही. मला हात लागतो तिथं."

आता दोराला हात लावणं ही आत्याची काही नवी खोड नव्हती. उभा जन्म तिचा त्यातच गेला होता. वाखाचा, म्हणजे घायपाताच्या तंतूंचा, पेंडका कमरेला खोचायचा, चाकाला टोक अडकवायचं आणि बोटांतून वाख सोडत अंगणभर मागे मागे चालत जायचं. समोर दुसऱ्या कुणीतरी चाक फिरवायचं. गुराचं दावं, बैलाचा कासरा, विहिरीचा सोल, गाडीचं चऱ्हाट, पंचक्रोशीत जे काही बांधलं जाई ते आत्याच्या हातचं. भाऊ आणि भावजय एका साथीत पाठोपाठ गेले. मागे दोन पोरं राहिली. आत्याच्या लग्नाचं बघू बघू म्हणता राहूनच गेलं, आणि दोन्ही भाचे तिने दोर वळून मोठे केले. थोरला शहरात नोकरीला लागला. धाकटा शेतात राहिला आणि अंगणाच्या पलीकडे घर बांधून संसाराला लागला. आत्या मात्र आपल्या जुन्या खोलीतून हलली नाही. "तुमच्या घरात मला मागं चालायला जागा नाही," म्हणायची.

दुसरा दोर तिने दारापासून संडासापर्यंत बांधला आणि तिसरा अंगण ओलांडून थेट सुनेच्या मागल्या दारापर्यंत. तिन्ही दोर तिच्या दाराच्या खुंट्यांपासून सुटायचे, आणि खुंटीजवळ एकाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. सुनेने त्या गाठी रोज पाहिल्या आणि रोज दुर्लक्ष केलं. येणारे-जाणारे वाकून दोराखालून जात आणि हसत. "दोरवालीनं घराला दावं लावलंय, पळून जाईल म्हणून," असं शेजारचा सुतार म्हणाला, आणि ते वाक्य चांगलं आठवडाभर गावात फिरलं.

हसायला आणखीही कारण होतं. आत्या विसरायला लागली होती. चहात साखर घातली की नाही हे कुणीही विसरतं. आत्या चहा प्यायला की नाही हे विसरायची आणि दोनदा पिऊन तिसऱ्यांदा रुसायची. धाकट्याला थोरल्याच्या नावाने हाक मारायची. मेलेल्या भावजयीची वाट बघत बसायची. पण हातात वाख दिला की बाई जागेवर. सून चाक फिरवायची आणि बघत राहायची. आत्याची पावलं मागच्या मागे पडत, खड्डा चुकवत, दगड चुकवत, एकदाही वळून न बघता. पीळ सैल पडला तर आत्या लांबून ओरडायची, "झोपलीस का गं? चाक फिरव!" सुनेच्या दंडाला गोळे यायचे, पण ती घड्याळाकडे बघायची नाही. तिला स्वतःची आई आठवत नव्हती, आणि कुणीतरी हक्काने आपल्यावर ओरडतंय याचं तिला मनातून सुख वाटायचं.

पीक कापणीला आलं आणि घराचं तंत्र बिघडलं. अंधार फिटायच्या आत सून आणि धाकटा शेतात जात, आणि दिवसभर वाकून पाठीचा कणा मोडून घेत. ऊन असं की विळ्याची मूठही हाताला चटका देई. दुपारी सून धावत घरी येई, आत्याला जेवायला वाढी आणि पुन्हा धावत जाई.

एका सकाळी कडब्याची गाडी भरून झाली आणि शेवटच्या बाजूला दोर अपुरा पडला. धाकटा घाईत होता. त्याने हापशाचा दोर सोडला, भार आवळला आणि सुनेला म्हणाला, "संध्याकाळी परत बांधतो."

दुपारी सून आली तर खोली रिकामी. हापशाजवळ कुणी नाही, संडासात नाही. ती हाका मारत रस्त्यापर्यंत गेली, तेव्हा समोरून एक ट्रक हळूहळू येताना दिसला. ड्रायव्हरशेजारी आत्या बसली होती. एका पायात चप्पल, दुसरा पाय धुळीने पांढरा. ड्रायव्हर भला माणूस होता. "फाट्याच्याही पुढं होत्या," तो म्हणाला. "पाणी कुठाय, पाणी कुठाय, एवढंच विचारत होत्या. मी पाजलं. पण तुम्ही लक्ष ठेवा हो, रस्ता वाईट आहे."

तोवर माणसं जमलीच होती. आत्याला ट्रकच्या उंच पायरीवरून उतरता येईना. ड्रायव्हरने तिला दोन्ही काखांत हात घालून लहान लेकरासारखं उचलून खाली ठेवलं. कुणीतरी हसलं. आत्याने अंगावरचे कपडे नीट केले आणि ड्रायव्हरच्या गाडीवरचा बांधलेला भार बघून म्हणाली, "तुझा दोर सडलाय. माल सांडशील." मग सुनेचा हात धरून घरी आली. संध्याकाळी धाकट्याने हापशाचा दोर परत जागेवर बांधला.

फोनवर बातमी थोरल्याला कळली आणि तो दुसऱ्याच दिवशी हजर झाला. थोरला वाईट नव्हता हो. घाबरट होता. "उद्या ट्रकखाली गेली तर लोक आपल्या तोंडात शेण घालतील," तो म्हणाला. "शहरात म्हाताऱ्यांसाठी चांगला निवास आहे. नर्स आहे, वेळेवर जेवण आहे, दाराला कडी आहे."

"मी नाही जायची," आत्या कोपऱ्यातून म्हणाली.

"बघ! सुंभ जळला तरी पीळ जात नाही," थोरला म्हणाला. "तिला काय कळतंय आता? मी विचारून आलोय तिथं. ते म्हणतात, माणूस नाही म्हणत असेल तर असं उचलून आणता येत नाही. ती कळून नाही म्हणते की न कळता, ते त्यांची डॉक्टरीणबाई येऊन बघणार. तिनं सांगितलं की हिला कळत नाही, मग आपण ठरवायचं."

धाकटा जमिनीकडे बघत राहिला. थकलेल्या माणसाला भांडणापेक्षा झोप गोड लागते. सुनेने मात्र मनात हिशोब केला. म्हणजे एका बाईने येऊन मान हलवली की आत्या गेली. अंगण रिकामं, चाक रिकामं.

तिने मनाशी ठरवलं, आत्याला पास करायचंच.

मग काय विचारता! शेतातून आल्यावर आत्याची शाळा भरू लागली. "आत्याबाई, आज वार कोणता? महिना कोणता?" आत्या विद्यार्थिनी म्हणून अगदीच उनाड. "वाराला काय करायचंय? तो आपला येतो नि जातो, मी कधी त्याला अडवलंय?" सून हात जोडायची, आत्या नाइलाजाने पाठ करायची आणि चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत विसरायची.

डॉक्टरीणबाई येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी थोरला पुन्हा आला. सुनेने खोली झाडून-पुसून लख्ख केली, वाखाचे पेंडके माळ्यावर टाकले, भिंतीला चुन्याचा हात मारून घेतला. थोरल्याने अंगणावर नजर टाकली आणि कपाळाला हात लावला.

"हे काय कोळ्याचं जाळं! डॉक्टर दारातच म्हणेल, म्हातारी कामातून गेली."

त्याला आत्या जायला हवी होती, तरी परक्या माणसापुढे आपल्या घराचं हसं नको होतं. माणूस असाच असतो. आणि सुनेलाही ते पटलं. तिला आठवलं सुताराचं हसणं, आठवली ट्रकभोवतीची माणसं. तिने स्वतःच्या हाताने तिन्ही दोर सोडले, नीट गुंडाळले आणि माळ्यावर टोपलीत ठेवले. अंगण मोकळं मोकळं दिसू लागलं. आत्या तेव्हा सुनेच्या घरात अंघोळ करत होती. तिला धरून खोलीत आणून झोपवलं, आणि सकाळीही सुनेनेच धरून सगळीकडे फिरवलं, आज पाहुण्या येणार म्हणून.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाची, घामाघूम, पायात धुळीने भरलेले बूट. खुर्ची दिली तर ती बाजूला सारून आत्यासमोर खाटेवर बसली. आधी स्वतःचं काम सांगितलं, ते आडपडदा न ठेवता. "तुम्ही कुठं राहायचं, तुमची काळजी कुणी घ्यायची, हे तुमचं तुम्हाला ठरवता येतंय का, ते बघायला आलेय. ठरवता येत असेल तर तुमचाच शब्द चालेल. तो मला पटला नाही तरी."

आत्याने तिला नीट न्याहाळलं. "बरी दिसतेस," म्हणाली.

पुढे मात्र सगळं कोसळलं. वार चुकला. महिना चुकला. सून दाराशी उभी राहून ओठ हलवत होती, तेवढ्यात आत्या मोठ्याने म्हणाली, "अगं, नुसते ओठ काय हलवतेस? ऐकू येईल असं सांग." डॉक्टरीणबाईला हसू आवरेना. सुनेला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. थोरला भिंतीला टेकून उभा होता. हसला नाही, पण त्याचे खांदे सैल पडले.

"वाराचं राहू दे," बाई म्हणाल्या. "ऊन फार आहे. मला पाणी आणून द्याल हापशाचं?"

"देते की," म्हणत आत्या उठली. तांब्या घेतला. दारात आली. तिचा उजवा हात आपोआप खुंटीकडे गेला, खुंटीवरून पुढे गेला आणि हवेत थांबला. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. समोर मोकळं अंगण, पांढरं ऊन. हापसा डाव्या अंगाला सुनेच्या गोठ्याआड, दारातून न दिसणारा. आत्या उजवीकडे बघत होती, डावीकडे बघत होती.

"चल आत्या, बस आता," थोरला हळूच म्हणाला. "बघितलंत ना, बाई?"

"थांबा जरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या जाऊन आत्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. "काय शोधताय?"

"इथं होतं," आत्या म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "धरायचं होतं इथं. कुणी नेलं?"

सुनेने तो हवेतला हात पाहिला आणि तिला एकदम उमगलं. एक गाठ म्हणजे हापसा. दोन म्हणजे संडास. तीन म्हणजे मी, माझं दार. आणि ज्या दिवशी धाकट्याने हापशाचा दोर भाराला नेला, त्याच दिवशी ही पाणी शोधत रस्त्याला लागली. डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता, डोक्यावर तर नव्हताच, म्हणून आत्याने हातासाठी वाट करून ठेवली. तीही शुद्धीत असताना, कुणाला न सांगता, हसणाऱ्यांना हसू देऊन. आणि जिने रोज चाक फिरवलं तिलाच ते कळलं नाही.

"मी नेलं, आत्याबाई," ती म्हणाली आणि धावलीच. माळ्यावरची टोपली खाली ओढली तेव्हा अंगावर कचरा पडला. ती रडत होती, पण तोंड चालूच होतं, डॉक्टरीणबाईला एका दमात सगळं सांगत होती. धाकटा शेतावरून नुकताच आला होता. त्याने भाराची गोष्ट ऐकली, आणि डोक्यावरचं फडकं काढून तो दारातच बसला.

आत्याने टोपलीतले दोर चाचपले. पहिलं टोक हाती आलं, गाठींवरून अंगठा फिरला. "हा संडासाचा," म्हणून बाजूला ठेवला. दुसरा घेतला, एका गाठीचा, आणि खुंटीला दोन वेढे देऊन असा आवळला की खुंटी करकरली. दुसरं टोक धाकट्याने मुकाट्याने हापशाला बांधलं. मग आत्या निघाली. दोरावर हात, पावलं सावकाश, पाठ ताठ. गोठ्याआड हापशाची दांडी खडखडली. परत येताना पाणी थोडं सांडलं, बरंचसं उरलं. डॉक्टरीणबाई ते उभ्याउभ्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.

"हे कधी बांधलंत?"

"आठवत नाही. पण मीच बांधलं. गाठ माझी आहे."

मग खरी तपासणी झाली. बाईंनी दोन्ही वाटा मांडल्या. निवासात नर्स असेल, जेवण वेळेवर, पडलात तर लगेच उचलतील. पण खोली दुसऱ्याची, दाराला कडी. इथे घर आपलं. पण दिवसा कुणी नसेल, पडलात तर पडून राहाल. बाईंनी ते एकदा सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. आत्या मध्येच विसरली तेव्हा न चिडता तिसऱ्यांदा सांगितलं. सुनेला त्या बाईचंही कौतुक वाटलं. "आता तुमच्या शब्दांत मला सांगा," बाई म्हणाल्या.

आत्याने टोपलीसोबत माळ्यावरून पडलेला वाख उचलला. त्याला पीळ देत राहिली.

"तिथं पडले तर उचलतील," ती म्हणाली. "इथं पडले तर हे लोक शेतातनं येईपर्यंत पडून राहीन. हाड मोडेल. मरेनसुद्धा." तिने डॉक्टरीणबाईकडे बघितलं. "तिथं दोर बांधू देतील?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "नाही. इतरांच्या पायात येतील."

"मग तिथं मला पाण्यालासुद्धा कुणीतरी धरून नेणार. इथं मी माझी जाते. मला इथं राहायचंय."

"आत्या, पण तुला काही झालं तर?" थोरला म्हणाला. एवढा मोठा बाप्या, डोळे भरून आले होते.

आत्या वळली ती धाकट्याकडे. "अरे, तू विहिरीला भ्यायचास. मी काय केलं? तुझ्या कमरेला दोर बांधला आणि दिलं पाण्यात सोडून. दोन घोट गिळलेस, रडलास, मग पोहलास. बुडशील म्हणून तुला घरात बांधून ठेवलं का मी?"

"तो मी होतो, आत्या," थोरला भिंतीपाशी हळूच म्हणाला.

"कोण का असेना. दोर माझ्या हातात होता ना?"

थोरल्याने तोंड फिरवलं. खाली सरकत जाऊन तो भिंतीपाशीच बसला आणि लहान पोरासारखा रडला. आत्याने ते बघितलं, पण तिला अजून बोलायचं होतं, आणि विसरायच्या आत बोलायचं होतं.

"दोन गोष्टी आहेत. चूल नको माझ्या हाती. आग काही गाठीनं आवरत नाही. चहा हिच्याकडे जाऊन पिईन." तिने सुनेला जवळ बोलावलं, तीन गाठींचा दोर तिच्या हातात दिला. "आणि हा तुझ्या दाराचा. हा तू बांध. आता नीट ऐक. बाई, तूही ऐक. ज्या दिवशी मी हा दोर धरून विचारीन की हा कशाला आहे, त्या दिवशी मला त्या निवासात न्या. तेव्हा मी नाही म्हणेन. रडेन, ओरडेन, तुम्हाला शिव्या घालीन. तेव्हा माझं ऐकू नका. आज ऐका."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढून लेखणी उघडली. मग त्यांनी विचारलं, "हे तुम्ही पुन्हा सांगाल? तुमच्या शब्दांत?"

आत्याने पुन्हा सांगितलं. शब्द वेगळे होते, गोष्ट तीच होती.

बाई उठल्या. थोरल्याला म्हणाल्या, "यांना ठरवता येतंय. यांनी ठरवलंय. तुमची भीती खोटी नाही, पण निर्णय यांचा." आणि जाताना अंगणात दोराखालून वाकून गेल्या, हात न लावता.

थोरला दोन दिवस राहिला. त्याने हापशाजवळचे दगड उचलून वाट साफ केली, आणि पडलं तर हाक जावी म्हणून दोराला मध्ये एक घंटी अडकवून दिली. आत्याने घंटीला आधी नावं ठेवली, मग ती वाजवून वाजवून सगळ्यांचं डोकं उठवलं. सुतार येऊन दोन खुंट्या नव्या बसवून गेला. या खेपेला त्याला विनोद सुचला नाही.

तेव्हापासून सुनेची सकाळ एकाच गोष्टीने सुरू होते. ती चुलीशी बसते, चहाचं आधण ठेवते आणि दाराच्या चौकटीला बांधलेल्या दोराकडे बघते. तो हलला की आत्या निघाली. दोर थरथरत राहतो, आणि सुनेचा जीव त्यावर टांगलेला असतो. आज विचारणार का? आजचा तो दिवस आहे का?

परवा आत्या अर्ध्या अंगणात थांबली. दोर हातात, मान खाली. बराच वेळ तशीच. आधण उतू गेलं, सुनेला भान नाही. ती दारात आली.

"काय गं ए," आत्याने हाक मारली. दोर जोरात हलवला. "हा दोर..."

सुनेने चौकट घट्ट धरली.

"हा दोर कुणी बांधलाय असला? गाठ बघ किती ढिली! तुला एवढी वर्षं चाक फिरवायला लावलं ते काय उगाच? सोड ती, परत बांध. मी थांबलेय."

सुनेने गाठ सोडली. तिने दोन वेढे दिले आणि चौकट करकरेपर्यंत आवळली. पलीकडून आत्याने एक झटका देऊन बघितला.

"आता बरी झाली," ती म्हणाली आणि दोराला हात लावून चहाला आली.